अडीच मिनिटं गाणं, बारा तास थांबणं

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला निघालेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कुठलं गाणं म्हणू?" मी उलट विचारते, "सकाळी आठला गेलीस आणि रात्री अकराला तुझी पाळी आली, तर गाशील का?" मुलं गप्प होतात. मी अशाच एका स्पर्धेत शेवटच्या बारांपर्यंत पोचले होते आणि तिथं मला सगळ्यात जड गेलं ते थांबणं. गाण्याची तयारी गुरुजींनी करून घेतली होती. थांबण्याची कुणीच घेतली नव्हती. आता मुलं विचारतात तेव्हा प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

मी मिरजेची. तानपुरे आणि सतारी बनवणाऱ्यांचं हे गाव. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्र रात्र गाणं चालतं, किराणा घराण्याचे गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत मोठमोठे गवई तिथं हजेरी लावतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालयही इथलंच, त्यामुळे 'प्रवेशिका' आणि 'मध्यमा' ही त्यांच्या संगीत परीक्षांची नावं आमच्याकडच्या पोरांना पहिली-दुसरीइतकीच ओळखीची. तरीही आमच्या घरात गाणं खऱ्या अर्थानं शिरलं ते टीव्हीतून. २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' सुरू होतं तेव्हा मी नववीत होते. पल्लवी जोशींचं निवेदन, समोर परीक्षक म्हणून अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. त्या वेळी आमच्या गल्लीत जेवणं लवकर उरकत आणि शेजारच्या काकू ताटासकट आमच्याकडे येत.

त्या पर्वाची मुलं आठवा. आळंदीची कार्तिकी गायकवाड, कोकणातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची चिमुकली मुग्धा वैशंपायन. पाचही जण महाअंतिम फेरीत गेले, लोकांनी त्यांना 'पंचरत्न' म्हटलं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. पाचांपैकी चौघं मुंबई-पुण्याबाहेरची! मिरजेतल्या मुलीला त्याचा अर्थ फार मोठा होता. पुढच्या जूनमध्ये आमच्या गुरुजींच्या क्लासात बसायला सतरंजी पुरेना.

आज शिकवायला लागल्यावर त्या पर्वाकडे पाहते तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. पाचही जणांचं गाणं पाच वेगळ्या मातीतलं होतं. कार्तिकीची गवळण ऐकताना वारकऱ्यांमध्ये वाढलेला गळा ऐकू यायचा. प्रथमेश अभंग आणि नाट्यगीतात रमायचा, रोहितला जोशातली गाणी शोभायची. कुणी कुणाची नक्कल करत नव्हतं. तेव्हा कुठलं गाणं म्हणू या प्रश्नाचं माझं उत्तर हे: जे गाणं तुम्ही घरात भांडी घासताना, गाडीवर मागे बसल्यावर आपोआप गुणगुणता, त्याच जातीचं. तुम्हाला लावणी आवडते आणि केवळ परीक्षकांवर छाप पडावी म्हणून तुम्ही नाट्यगीतातल्या ताना घोकताय, तर ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

ऑडिशन बहुतेक वेळा शाळेत किंवा एखाद्या कार्यालयात असते. आमची एका शाळेत होती. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कुणाचा तरी अर्धवट पुसलेला भूमितीचा प्रमेय आणि टेबलामागे तीन माणसं. मी साडेसातला रांगेत उभी राहिले, नंबर लागला दुपारी पावणेचारला. आत गेल्यावर जेमतेम एक मिनिट मिळतं, त्यात प्रस्तावना करत बसू नका. नाव, गाव, गाणं, आणि सुरुवात. आलाप लांबवू नका. गाण्यातली तुमची सर्वांत चांगली जागा अंतऱ्यात असेल तर सरळ अंतऱ्यापासून सुरू करायची परवानगी मागा, देतात.

आणि पट्टी सांगा, म्हणजे तुमचा 'सा' पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा ते. मी आत गेले तेव्हा मोबाइलवरचा तानपुरा आधीच्या मुलीच्या काळी पाचमध्ये वाजत होता. माझी पट्टी काळी चार. मन म्हणत होतं, गप्प राहा, उगाच नाराज होतील. पण गुरुजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी म्हणाले, "काळी चार मिळेल का?" मदतनिसानं बोट फिरवलं, पाच सेकंदांत सूर बदलला, कुणाच्या कपाळावर आठी नाही. माझ्या गाण्यात वर तार मध्यमापर्यंत जायचं होतं. काळी पाचमध्ये तिथं माझा आवाज नक्की चिरकला असता. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत मला या पाच सेकंदांनी बळ दिलं. आपल्याला लागतं ते मागायचं.

निवड झाली की करारपत्र समोर येतं. आनंदात असताना आपण कशावरही सही करतो, मीही केली. महिनाभरानं कळलं की स्पर्धा चालू असेपर्यंत आणि नंतरचे काही महिने मला बाहेर कुठंही गाता येणार नव्हतं. गणपतीतले चार कार्यक्रम ठरलेले होते, ते सोडावे लागले. मंडळाच्या मुलांपुढे उभं राहताना फार वाईट वाटलं. कराराची प्रत घरी आणा, वकील ओळखीचा नसेल तर बँकेतल्या किंवा कोर्टात काम करणाऱ्या एखाद्या काकांना वाचायला द्या. बाहेर गाण्यावर बंदी किती दिवसांची, प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाचा, गायलेल्या गाण्याच्या चित्रफितीवर हक्क कुणाचा, या तीन ओळी शोधायच्याच.

मूल चौदा वर्षांखालचं असेल तर आईवडिलांनी आणखी काही गोष्टी पाठ करून जा. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळेची सोय बुडता कामा नये, आणि मुलाला जे उत्पन्न मिळेल त्यातलं किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवं. निर्मात्यानं त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. रात्री अकराला पेंगणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या गालाला पावडर लावताना मी पाहिलंय, आणि शेजारी उभ्या आईला "चला, घरी जातो" असं म्हणायचा धीर होत नव्हता. तो धीर घरून घेऊन निघा.

आता तयारीचं बोलू. प्रत्येक भागाचा विषय असतो: कधी भावगीत, कधी लोकगीत, कधी एखाद्या संगीतकाराची गाणी. तुमच्याकडून आठ-दहा गाण्यांची यादी मागवतात. त्यातली काही हक्कांच्या कारणानं गळतात, काही दुसऱ्या स्पर्धकाकडे गेलेली असतात. हाती येतं ते बऱ्याचदा तुमच्या यादीतलं पाचवं-सहावं गाणं. म्हणून यादीतलं एकही गाणं भरतीचं नको. दहाच्या दहा गळ्यात बसलेली हवीत.

मिळालेलं गाणंही पूर्ण मिळत नाही. मुखडा, एक अंतरा, मधला म्युझिक पीस निम्मा, मिळून अडीच मिनिटं. यालाच तिथं 'कट' म्हणतात. माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. मी आठवडाभर मूळ गाणं ऐकून रियाज केला. मूळ गाण्यात अंतऱ्याआधी केरवा तालाची आठ आवर्तनं वाजतात, कटमध्ये होती चार. वादकांबरोबर पहिल्या तालमीला मी डोळे मिटून बासरी ऐकत बसले आणि अंतरा पुढे निघून गेला. ढोलकीवाल्या दादांनी हात थांबवले. "ताई, आता मी इथं एक छोटा तुकडा घेतो. तुकडा संपला की तुझी सम," असं म्हणून त्यांनी तो तीनदा वाजवून दाखवला. नंतर प्रत्येक गाण्याला ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. तालमीला वेळेआधी जा, वादकांशी बोला, कट ठरला की लगेच मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्या क्षणापासून मूळ गाणं ऐकणं बंद.

कानात घालायच्या मॉनिटरची सवय हा आणखी एक अभ्यास आहे. क्लासात आपण आपला आवाज खोलीत ऐकतो. तिथं दोन्ही कान बंद होतात, आणि स्वतःचाच आवाज कुणी परक्यानं फोनवरून गावं तसा येतो. घाबरून मी एका कानातला काढून टाकायची, मग एका कानात एक सूर आणि दुसऱ्यात सभागृहातला घुमणारा आवाज. सूर थोडा वर चढायचा. साउंडवाल्या दादांना काय सांगायचं तेच मला माहीत नव्हतं. चौथ्या भागात शिकले: "कीबोर्ड थोडा वाढवा, ढोलकी कमी करा, माझा आवाज आहे तेवढाच राहू द्या." आता माझ्या विद्यार्थ्यांना मी साधे इअरफोन लावून, कान बंद ठेवून, महिनाभर तानपुऱ्यावर गायला लावते.

चित्रीकरणाचा दिवस. हे मला सविस्तर सांगायचंय, कारण हे कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. आम्हाला सकाळी आठला बोलवायचे. केस, मेकअप, कपडे यात अकरा वाजत. मग दिवे लावणं, कॅमेरे हलवणं, निवेदनाचे तुकडे, पाहुण्यांचं येणं. एका दिवसात दोन भाग घ्यायचे असत, आणि तुमचा क्रमांक सातवा असेल तर गाणं रात्री. स्टुडिओतला एसी इतका गार की पैठणीच्या आत स्वेटर घालावासा वाटतो. अशा गारठ्यात, पोटात धड जेवण नाही, जवळपास बाराजण एकाच खोलीत बसून एकमेकांच्या गाण्यांबद्दल बोलताहेत. सात वाजेपर्यंत बोलून बोलूनच घसा बसतो.

पहिल्या दोन भागांत माझं हेच झालं. तिसऱ्या वेळी मी दिवस बांधून घेतला. पहाटे मुक्कामाच्या खोलीतच वीस मिनिटं खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, मग गाणं नाही. गळ्याभोवती आईचा सुती दुपट्टा. थर्मासात कोमट पाणी, डबीत ज्येष्ठमधाचा तुकडा. दुपारी तिथलं तेलकट जेवण टाळून भाकरी आणि मऊ मुगाची उसळ, मुंबईतल्या मावशीनं दिलेली. इतरांशी बोलायचं पण हळू आणि थोडं. आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की राग नाही, गळा जपतेय. चार वाजता डोळे मिटून अर्धा तास आडवं व्हायचं. गाण्याआधी पाऊण तास जिन्याच्या वळणावर जाऊन ओंकार, मग षड्जावर लांब श्वास, मग अलंकार, आणि अंतऱ्याची फक्त पहिली ओळ. पूर्ण गाणं नाही. पूर्ण गाणं म्हटलं की मन म्हणतं, झालं गाऊन.

त्या जिन्याच्या वळणावर एक छोटी खिडकी होती. तिच्यातून समोरच्या इमारतीतला एक आजोबा रोज त्याच वेळी तुळशीला पाणी घालताना दिसायचा. तो दिसला की मला शांत वाटायचं. तुम्हालाही तिथं अशी एखादी जागा सापडेल, पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

परीक्षकांचं बोलणं. ते पाच-सहा मिनिटं बोलतात, टीव्हीवर दोन वाक्यं दिसतात. घरच्यांना ती दोनच कळतात आणि ते त्यावरून खूश किंवा दुःखी होतात. तुम्ही मात्र खाली उतरल्या उतरल्या सगळं वहीत लिहा. मला एका परीक्षकांनी 'चांदणं' या शब्दावर थांबवलं होतं. मी हिंदी गाण्यांच्या सवयीनं तो 'चंद्र'मधल्या 'च'सारखा म्हणत होते, मराठीत तिथं दातांमागचा 'च' लागतो. त्यांनी मला 'जग' हा शब्द दोनदा म्हणायला लावला: एकदा विश्व या अर्थानं, एकदा 'तू जग' या अर्थानं. दोन्हींतला 'ज' वेगळा! मराठी शाळेत शिकूनही गाताना माझं तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. हे बोलणं प्रसारणात आलंच नाही, पण त्या पर्वात मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा तोच. आजही नवं गाणं शिकवताना मी आधी कवितेसारखं मोठ्यानं वाचून घेते आणि 'च', 'ज', 'झ' यांवर पेन्सिलनं खुणा करते.

घरी चित्रीकरणाला माणसं येतात, त्याचीही तयारी ठेवा. आमच्याकडे आली तेव्हा बाबांच्या निवृत्तीनंतरची ओढाताण, गळकं स्वयंपाकघर यांतच त्यांना जास्त रस होता. आईला रडायला येईल असे प्रश्न विचारत होते. आदल्या रात्री आम्ही चौघांनी बसून ठरवलं होतं: कर्जाचं बोलायचं नाही, आजीच्या आजारपणाचं बोलायचं नाही. बाबा एसटीत कंडक्टर होते, रात्रपाळी करून आल्यावर झोपण्याआधी माझा तानपुरा लावून द्यायचे, हे सांगायचं. ते त्यांनी सांगितलं, तेवढंच दाखवलं गेलं आणि ते सुंदर झालं. काय सांगायचं ते आधी ठरवलेलं असलं की समोरचा कितीही खोदत राहिला तरी आपण डगमगत नाही.

मी बाहेर पडले तो भाग चित्रित झाल्यानंतर दहा दिवसांनी दाखवला जाणार होता. करारानुसार तोवर कुणालाच सांगायचं नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं पहाटे मिरजेला उतरले तेव्हा स्टेशनाबाहेर माझ्या फोटोचा फ्लेक्स होता, 'आपल्या मिरजेच्या कन्येला भरघोस मतं द्या.' रिक्षावाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत. भाजी मंडईत बायका हात धरून विचारायच्या, "पुढचं गाणं कुठलं गं?" आणि मी हसून म्हणायची, "बघा ना, टीव्हीवर." ते दहा दिवस कुठल्याही फेरीपेक्षा अवघड होते. आई रोज संध्याकाळी मला घेऊन कृष्णा घाटावर जायची, आम्ही काही न बोलता बसायचो. या दिवसांसाठी घरातलं एक माणूस आधीच ठरवा, जे तुमच्यासोबत नुसतं बसू शकेल.

मतांबद्दल एक विनंती. नातेवाइकांना, मंडळांना मतांवर खिशातले पैसे घालायला सांगू नका. माझ्या एका चुलतभावानं त्या महिन्यात फोनवर किती उडवले ते मला वर्षभरानं कळलं आणि मी रात्रभर झोपले नाही.

पैशाचा हिशेब साधा आहे. साड्या, प्रवास, औषधं, बुडालेले कार्यक्रम यांची वही ठेवा. जिंकलात तर बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो. तुमचं बाकी उत्पन्न अगदी कमी असलं तरी त्यातून सूट नाही. रोख रकमेतून तो आधीच कापतात. बक्षीस गाडी असेल तर गाडी हातात येण्याआधी कराची सोय करावी लागते, हे कित्येक घरांना ऐन वेळी कळतं.

त्या धांदलीत माझी विशारदची परीक्षा हुकली होती. परत आल्यावर पहिला महिना मी तानपुऱ्याची गवसणीसुद्धा काढली नाही. मग एक दिवस गुरुजी स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "उद्या सहाला ये. भैरव करू." त्यांनी स्पर्धेचं नावही काढलं नाही. पुढच्या सत्रात परीक्षा दिली, मग त्यापुढची 'अलंकार'ची परीक्षाही केली. आता माझ्याकडे चाळीस मुलं शिकतात. २०२१ मध्ये ती पाचही पंचरत्नं त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या जागी बसलेली दिसली तेव्हा माझ्या क्लासातल्या मुलांना मी सांगितलं, मधली बारा वर्षं ही माणसं काय करत होती ते शोधून काढा. मुलांनी त्यांच्या मैफली, अल्बम, गायलेली गाणी यांची भलीमोठी यादी केली आणि ती क्लासाच्या भिंतीवर चिकटवली.

सध्या माझी एक विद्यार्थिनी ऑडिशनच्या तयारीत आहे. गेल्या रविवारी तिला सकाळी नऊला क्लासात बोलावलं, गाण्याची साडी नेसूनच. दिवसभर इतर मुलांचे वर्ग चालू होते, ती कोपऱ्यात बसून होती. दुपारी तिला झोप अनावर झाली, संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. रात्री आठला मी दिवे पूर्ण लावले, कानात इअरफोन दिले आणि म्हटलं, "गा." मुखडा छान आला. अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत श्वास पुरला नाही, 'चांदणं' पुन्हा हिंदी झालं. येत्या रविवारी परत नऊला बोलावलंय. या वेळी तिची आई भाकरी आणि थर्मास देणार आहे.